बसलेला कापूस

(रौप्यमहोत्सवी वर्षातील कार्यक्रमात सोसायटीच्या सभागृहात केलेले भाषण)



समितीने मला 'आवडीच्या विषयावर वीस मिनिटं' दिली आहेत. बँकेतून निवृत्त झालेला माणूस म्हटल्यावर बऱ्याच जणांनी ठेवींच्या व्याजदराची तयारी ठेवली असेल. त्यांची निराशा करतो. मी आज गादीवर बोलणार आहे. हसू नका. आयुष्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा आपण गादीवर काढतो आणि तिच्या आत काय चाललं आहे याची आपल्याला काडीची कल्पना नसते. मलाही नव्हती. ती कळायला मला एका माणसावर अन्याय करावा लागला, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा दौंडला शाखेत होतो. दौंड म्हणजे जंक्शन. मनमाडची गाडी, सोलापूरची गाडी, आणि रात्रभर शंटिंगचा आवाज. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत गाद्या-रजयांचं एक दुकान होतं. मालक वयाने वडीलधारे, सगळा गाव त्यांना चाचा म्हणे. पिढीजात पिंजारी. धनुकलीवर पिंजणारे वडील त्यांनी पाहिलेले, स्वतः मात्र विजेचं पिंजण यंत्र घेतलेलं. त्यांना आमच्या बँकेचं कॅश क्रेडिट होतं, तारण कापसाचं. दर तीन महिन्यांनी माल तपासायचं काम माझ्याकडे.

वैशाखात मी तपासणीला गेलो. पावसाळ्यात वीज वारंवार जाते म्हणून चाचांनी दसरा-दिवाळीसाठी लागणारा कापूस आधीच यंत्रावरून काढून मागच्या खोलीत ठेवला होता. खोली दहा बाय आठ. भिंतीपासून भिंतीपर्यंत पांढरा शुभ्र ढीग, उंची सहा फुटांना थोडी कमी. स्टेटमेंटमध्ये चारशे किलो लिहिलेले. आता चारशे किलो सैल कापूस कोण वजन करत बसणार? मी हुशार. एक पोतं भरून वजन केलं, घनफुटाला किती बसतं ते काढलं, टेपने लांबी, रुंदी, उंची घेतली, गुणाकार केला. चारशेच्या जवळ आलं. सही केली, चहा घेतला, निघालो.

श्रावणात पुन्हा गेलो. खोली तीच, टेप तोच. ढीग चार फूट! मी तोच दर लावला. तिसरा हिस्सा माल गायब. चाचा म्हणाले, "साहेब, कापूस बसलाय. विकला नाही." मला वाटलं, नेहमीचं उत्तर. कर्जदार असंच काहीतरी बोलतात, आम्ही तसंच ऐकून न ऐकल्यासारखं करतो. 'तारणात तूट' असा अहवाल लिहिला. उचल कमी झाली, आणि त्याच आठवड्यात कापूस देणाऱ्या व्यापाऱ्याला दिलेला चाचांचा चेक परत गेला.

चाचा भांडायला आले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला आणि आमच्या शिपायाला घरी बोलावलं. दारात मोठा काटा टांगलेला. दोन्ही मुलं पोती भरत होती, चाचा वजन पुकारत होते, मी लिहीत होतो. दुपारी तीनपर्यंत ते चाललं. बेरीज केली तर चारशे अकरा किलो. तूट तर नव्हतीच, वर अकरा किलो जास्त!

मी दुसरा अहवाल लिहिला, मर्यादा पूर्ववत झाली. पण परत गेलेला चेक काही पुढे येत नाही. त्या व्यापाऱ्याने चाचांना उधारीवर माल देणं बंद केलं ते केलंच. माझी माफी फाइलमध्ये लगेच गेली. तोंडाने मागायला मला चार महिने लागले.

पण प्रश्न डोक्यात राहिला. ढीग बसला कसा? आणि अकरा किलो आले कुठून?

आधी ढिगाचं बघू. कापसाच्या तंतूचं मूळ द्रव्य पाण्यापेक्षा दीडपट जड आहे. म्हणजे एक किलो कापसातली सगळी हवा काढून टाकता आली तर तो जेमतेम साडेसहाशे मिलिलिटर जागेत मावेल. आता दहा किलोची एक गादी घ्या, सहा बाय तीन, जाडी चार इंच. तिचं आकारमान सुमारे एकशे सत्तर लिटर, आणि त्यात प्रत्यक्ष कापूस साडेसहा लिटर. शंभरातले शहाण्णव भाग हवा! आपण कापसावर झोपतो असं म्हणतो, झोपतो हवेवर. कापूस नुसता हवेला जागेवर धरून ठेवतो.

तो कसा धरतो? भिंग लावून पाहिलं तर कापसाचा तंतू म्हणजे चपटी, पीळ पडलेली फीत. बोंडात तो नळीसारखा गोल असतो, बोंड फुटून वाळला की चपटा होतो आणि आपोआप पिळला जातो. असे असंख्य तंतू एकमेकांवर आडवेतिडवे पडतात. एक तंतू दुसऱ्याला इथे टेकला, तिथे टेकला. दोन टेकूंच्या मधला तंतूचा तुकडा म्हणजे एक छोटी तुळई. आपण गादीवर बसलो की या लाखो तुळया वाकतात. गादीचा मऊपणा म्हणजे या तुळयांचं वाकणं. दुसरं काही नाही.

आता आपल्या सोसायटीतले इंजिनीअर मान डोलावतील: तुळईची लांबी निम्मी केली की ती आठपट ताठ होते. ढीग जसजसा खाली बसतो तसतसे टेकू वाढतात, मधले तुकडे आखूड होतात, आणि सगळा ढीग ताठ होत जातो. दक्षिण आफ्रिकेतल्या व्हॅन वाइक नावाच्या संशोधकाने १९४६ साली लोकरीच्या बाबतीत हा हिशेब मांडला. सैल लोकर निम्म्या जागेत कोंबायला जो दाब लागतो, तिच्याही निम्म्या जागेत कोंबायला त्याच्या साधारण आठपट लागतो. कापसाला ढोबळमानाने तेच लागू. म्हणून चार इंचांची गादी दोन इंचांवर आली की दगडासारखी लागते. आणि गंमत अशी की, त्या दगडातसुद्धा ब्याण्णव टक्के हवाच असते. गादीतला कापूस कमी झालेला नसतो, टक्केवारीत पाहिलं तर हवाही फारशी कमी झालेली नसते. टेकू वाढलेले असतात.

मग वरचं वजन काढल्यावर गादी परत फुगत का नाही? स्प्रिंग तर परत येते. इथे घर्षण आडवं येतं. दाबताना तंतू एकमेकांवरून थोडे थोडे घसरतात आणि नव्या जागी जाऊन बसतात. दाब काढला की वाकलेले तंतू सरळ व्हायला बघतात, पण शेजारचे तंतू त्यांना घसरू देत नाहीत. जाताना घर्षणाने अडवलं, येतानाही अडवतं. म्हणून उतरतानाचा रस्ता चढतानाच्या रस्त्यावरून जात नाही. रोज रात्री आपण झोपतो, रोज सकाळी गादी परत येते, पण कालच्यापेक्षा केसभर कमी. हा केसभर हिशेब साठत जातो. बँकेत याला आम्ही साचलेलं येणं म्हणतो.

घर्षणाबद्दल शाळेत आपण शिकलो की दाब दुप्पट झाला तर घर्षण दुप्पट. अमोंतों नावाच्या फ्रेंच माणसाने १६९९ मध्ये हे मांडलं. लाकडाच्या ठोकळ्याला ते चालतं. तंतूंना पूर्णपणे चालत नाही. तिथे दाब दुप्पट केला तर घर्षण दुपटीपेक्षा कमी वाढतं. उलट बाजूने पाहा: दाब अगदी नाममात्र असतानाही तंतू एकमेकांना बऱ्यापैकी धरून असतात. म्हणून तर पिंजलेल्या कापसाचा ढग हातात उचलता येतो, वाळूसारखा ओघळत नाही.

आणि सावरीचा कापूस? आजीच्या उशीत असायचा तो. त्याचा तंतू आतून पोकळ, बाहेरून गुळगुळीत, पीळ नाही. मऊ छान लागतो, पण एकमेकांना धरत नाही. उशीच्या शिवणीत जरा फट राहिली की घरभर म्हातारी उडाल्यासारखा उडतो. त्याचं सूत काढायला जाल तर हात टेकाल.

सुताचा विषय निघालाच आहे तर दोन मिनिटं तिकडे जातो. मुलांनो, हा पेळू बघा. मी ओढतो... बघा, सहज तुटला. तुटला म्हणजे एकही तंतू तुटला नाही, नुसते घसरून वेगळे झाले. आता दुसरा तुकडा घेतो, पीळ देतो, आणि ओढतो. ओढा तुम्ही पण. नाही तुटत. कापूस तोच. कापसाचा तंतू असतो इंच-सव्वा इंचाचा, आणि सूत हजारो हात लांब. एवढे आखूड तुकडे एवढी लांब दोरी कशी धरतात, हा प्रश्न गॅलिलिओलाही पडला होता. १६३८ साली छापलेल्या त्याच्या ग्रंथात दोरखंडाची ही चर्चा आहे. पीळ दिलेलं सूत ओढलं की बाहेरचे तंतू आतल्यांना आवळतात. जितकं ओढाल तितकं आवळतात, जितके आवळतात तितके घसरत नाहीत. आपल्याला तोडायला निघालेली ताकदच त्याला घट्ट करते. अर्थात पीळ फार झाला तर तंतू इतके तिरपे होतात की लांबीच्या दिशेने जोर पेलत नाहीत, सूत गुंडाळतं आणि तुटतं. कातणाऱ्या बायका हे बोटांनी ओळखत.

दौंडच्या बाजूला उसाच्या ट्रॉल्या तुम्ही रोज पाहता. ड्रायव्हर दोर हुकाला गाठ मारत नाही, आधी दोन-तीन वेढे देतो. का? घर्षणांक साधारण ०.३ धरला तर एका वेढ्याने हातातला जोर साडेसहापट होतो. दोन वेढ्यांनी त्रेचाळीसपट. तीन वेढ्यांनी दोनशे पंच्याऐंशीपट. म्हणजे हाताने दहा किलोचा ताण धरला तर पलीकडे हिशेबाने अठ्ठावीसशे किलोंवर पेलता येतात. हे आकडे पाहिल्यावर मला काय आठवलं असेल? चक्रवाढ व्याज! गणित अगदी तेच आहे. प्रत्येक इंचावर आधीच्या ताणाच्या प्रमाणात वाढ. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत जे सूत्र मी वहीत वापरलं, ते उसाचा ड्रायव्हर हुकावर वापरत होता, आणि त्याचं कधी थकलं नाही.

आता शिरूरकडे येऊ. आपल्याकडे दिवाळीनंतर धनगरांचे वाडे कोकणाकडे निघतात ते लहानपणी आपण सगळ्यांनी पाहिलेत. दख्खनी मेंढीची लोकर, आणि सांगर मंडळी विणत ते घोंगडं. लोकर टोचते का, तर ती जाड असते म्हणून. तंतूची जाडी दुप्पट झाली की त्याचा ताठपणा दुप्पट नाही, सोळापट होतो. आपली दख्खनी लोकर मेरिनोच्या दुपटीच्या आसपास जाड. मेरिनोचा तंतू अंगाला लागला की वाकतो, आपला वाकत नाही, टोचतो. पण त्याच कारणाने घोंगडं शेतात रात्रभर अंथरलं तरी लवकर दबत नाही. माझ्या वडिलांचं घोंगडं आमच्या घरात तीन गाद्यांच्या आधी आलं आणि त्यांच्या नंतर गेलं.

लोकरीचं आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे तिच्यावर खवले असतात, माशासारखे, सगळे टोकाकडे तोंड केलेले. एका दिशेने हात फिरवला तर गुळगुळीत, उलट फिरवला तर अडतं. आपल्या केसांचंही तेच. मुलींनो, आईचा एक लांब केस घ्या, अंगठा आणि तर्जनीमध्ये त्यांच्या लांबीच्या दिशेने धरा आणि बोटं मागेपुढे चोळा. केस हळूहळू एकाच दिशेने सरकत जाईल, मुळाच्या बाजूने पुढे. केस उलटा धरा, उलटीकडे जाईल. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात चोळला की आत हेच होतं. प्रत्येक तंतू मुळाच्या दिशेने पुढे सरकतो, मागे येऊ शकत नाही, आणि स्वेटर नातवाच्या मापाचा होतो. घोंगडं विणण्याआधी सांगर ताण्याला चिंचोक्याची खळ देतात. सुताची उभी राहिलेली लव चिकटून बसते, मागावर एक धागा दुसऱ्यात अडकत नाही.

परत गादीकडे. बसलेल्या कापसाला मोकळा कसा करायचा? चाचांच्या वडिलांचं पिंजण मी चाचांच्या दुकानात टांगलेलं पाहिलं होतं. माणसाच्या उंचीचं धनुष्य, त्याला जनावराच्या आतड्याची तात, आणि ती छेडायला डमरूच्या आकाराचा लाकडी ठोकळा. एकदा मी हट्ट धरला तेव्हा चाचांनी ते खाली काढून दाखवलं. मला वाटत होतं की ठोकळ्याने कापसाला मारतात. कापसाला हातही लावत नाहीत. तात कापसात नुसती टेकवायची आणि ठोकळ्याने छेडायची. टण्ण! थरथरणारी तात ज्या तंतूंना लागते त्यांना क्षणभर हिसका देते. जोराने ओढलं तर तंतू आवळतात, हे आपण आत्ताच सुतात पाहिलं. हळू ओढाल तर गोळाच्या गोळा येईल. हिसका बसला की मात्र एक-एक तंतू सुटतो आणि हवेत उडून नव्याने, सैल, कुठेतरी पडतो. ज्यांनी हे शोधलं त्यांच्याकडे ना भिंग होतं, ना गणित.

यंत्रात तेच काम दाते करतात, वेगाने. पण दात्यांनी तंतू तुटतातही. म्हणून कापूस दर वेळी पिंजल्यावर थोडा आखूड होतो, थोडा धूळ होऊन उडतो. चाचा म्हणायचे, चांगली गादी तीन वेळा पिंजावी, चौथ्यांदा त्यात नवा कापूस घालावा. फोमच्या गादीचं तसं नाही. फोम सलग असतो, त्यात घसरायला सुटे तंतूच नाहीत, म्हणून तो बरीच वर्षं नेमाने परत येतो, हे मान्य. पण एकदा दबला की त्याला पिंजता येत नाही. तो कचऱ्याच्या गाडीत जातो. माझ्याही घरी एक फोमची गादी आहे, तेव्हा मी फार बोलत नाही.

आता ते अकरा किलो. कापूस हवेतलं पाणी पितो. साधारण हवेत शंभर किलो कोरड्या कापसात सात-आठ किलो पाणी असतं. वैशाखाच्या कोरड्या हवेत त्याहून कमी, श्रावणात बरंच जास्त. चाचांच्या खोलीत श्रावणाने अकरा किलो पाणी आणून ठेवलं होतं. ढीग इतका बसला त्यातही या पाण्याचा हात होता. ओलसर तंतू मऊ पडतो, वजनाखाली वाकतो आणि वाकलेलाच राहतो. इस्त्री करताना आपण कपड्यावर पाणी शिंपडतो ना, तेच. फक्त इस्त्रीत आपल्याला हवी ती घडी बसते, गादीत नको ती.

आणि म्हणूनच आपल्या आया-आज्या गादीला ऊन दाखवत. एका गादीत पाऊण किलोभर पाणी सहज असतं. उन्हात ते जातं, तंतू पुन्हा ताठ होतात. पण नुसतं ऊन पुरत नाही. घर्षण धरून बसलेलं असतं, ते आपण होऊन सोडत नाही. म्हणून मग काठीने बडवायचं. धूळ निघते ती वरकमाई. खरं काम हिसक्याचं असतं. तेच पिंजणाचं काम, घरगुती प्रमाणावर.

इथे मला थांबून एक कबुली द्यायची आहे. जुन्या सभासदांना आठवत असेल, सोसायटी नवी असताना 'गच्चीवर गाद्या, अंथरुणे वाळत घालू नयेत' असा नियम झाला. तेव्हा मी सेक्रेटरी होतो. ठरावाचा मसुदा माझा. कारण होतं, नाही असं नाही. गादीवर ठेवलेल्या विटांनी वॉटरप्रूफिंगला टवके पडले होते, आणि बडवण्याच्या धुळीवरून कुणाच्या तरी कुरडयांचं भांडण इतकं पेटलं की दोन मजले एकमेकांशी बोलत नव्हते. मी बँकवाला. भांडण मिटवायला सगळ्यात सोपं काय, तर कुलूप. गच्चीची किल्ली समितीकडे गेली.

त्यानंतर आपल्या इमारतीतून कापसाच्या गाद्या एक-एक करून गेल्या. सगळ्याच काही त्या नियमामुळे गेल्या असं मी म्हणत नाही. पण मागच्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरच्या एक काकू, नाव घेत नाही, त्या इथेच बसल्या आहेत, मला जिन्यात म्हणाल्या, "भाऊ, माहेरची गादी होती. खिडकीत मावेना, वर नेऊ देईनात. दगड झाली होती, भंगारवाल्याला दिली." किती मिळाले विचारलं तर म्हणाल्या, "नेल्याबद्दल मीच त्याला शंभर दिले." त्यांच्या गादीला चाचांच्या कापसासारखंच झालं होतं. ती बसली होती, गेली नव्हती. आणि दोन्ही वेळा कागदावर सही माझीच.

तेव्हा येत्या सर्वसाधारण सभेसाठी मी एक लेखी सूचना दिली आहे. होळीनंतर पावसाळ्यापर्यंत दर महिन्याचा एक रविवार, सकाळी नऊ ते चार, गच्ची उघडी. विटा न्यायच्या नाहीत. बडवायचं ते पाण्याच्या टाकीमागे, कुरडया-पापड दुसऱ्या टोकाला. वॉटरप्रूफिंगवर टाकायला दोन जुन्या सतरंज्या माझ्याकडून. ज्यांना गाद्या वर नेणं झेपत नाही त्यांच्यासाठी आपली तरुण मुलं आहेत. तिघांनी आत्ताच नावं दिली आहेत, चौथा पुढच्या रांगेत बसून मान खाली घालतोय. आणि बाजारात अजून एक पिंजण यंत्र चालू आहे, मी जाऊन पाहून आलो. गादी उसवून, पिंजून, नवं गादीपाट घालून, टाके मारून एका दिवसात देतात. चार-पाच गाद्या एकदम असतील तर त्यांचा माणूस टेंपो घेऊन येतो.

सूचनेवर अनुमोदक म्हणून सही हवी आहे. कागद चहाच्या टेबलावर ठेवला आहे, पेन त्याला दोरीने बांधलेलं आहे, बँकेतल्यासारखं.